चार दिव्यांचं माप

मातोरीच्या अलीकडचा चढ म्हणजे काही घाट नव्हे. शाळेची पोरं सायकलवर उभं राहून तो सहज मारतात. पण उज्वलाची चार्जिंगची गाडी त्या दिवशी बरोबर त्याच चढाच्या मध्यावर थांबली. आधी मोटरचा आवाज बारीक झाला, मग पडद्यावरच्या हिरव्या रेघा तीनवरून एकदम एकावर आल्या आणि तीही एक विझली. मागे फुलांचे रिकामे क्रेट, डोक्यावर ऊन, आणि हातात शंभर किलोचं लोखंड. संक्रांतीपासून हे असं तिसऱ्यांदा होत होतं.

ती उतरून गाडी ढकलू लागली. समोरून दुधाच्या किटल्या लावलेला एक मोटरसायकलवाला आला, मुद्दाम हळू झाला आणि म्हणाला, "वहिनी, चारा घाला तिला." तो हसत निघून गेला. उज्वला ढकलत राहिली. तिला रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. तिला फक्त स्वतःची लाज वाटत होती, कारण गाडी बंद पडते ती आपल्याच चुकीनं, असं तिला सगळ्यांनी पटवून दिलं होतं.

ही गाडी घरात आली ती दसऱ्याला. त्याआधी त्यांच्या मळ्यातला झेंडू आणि शेवंती शेजाऱ्यांच्या मालाबरोबर टेम्पोत जायची. आडत्या सांगेल तो भाव, आणि त्यानं फेकली म्हटलं की फेकली. गाडी आली तशी उज्वला पहाटे स्वतः नाशिकच्या फुलबाजारात जाऊन बसू लागली. तिची सासू सिंधुबाई हिची एक जुनी शिस्त होती: तोलण्याआधी फुलं झटकायची. बाजारात बाकीचे जण फुलांवर मुद्दाम पाणी मारत, म्हणजे वजन भरतं. सिंधुबाई म्हणायची, पाणी विकायचं असेल तर नळावर बसावं. उज्वलानं ती शिस्त बाजारात नेली आणि महिन्याभरात हार करणाऱ्या बायका तिच्या क्रेटभोवती आपोआप जमू लागल्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण तिला नावानं ओळखणारी माणसं घराबाहेर पहिल्यांदाच भेटत होती.

हे सगळं आता गाडीवर टांगलेलं होतं. तिचा नवरा हर्षल पिंपळगावला एका शीतगृहात कामाला होता. आठवड्यातून एकदा घरी यायचा. मागच्या खेपेला त्यानं शांतपणे सांगून टाकलं होतं की आता पुन्हा एकदा गाडी रस्त्यात पडली की ती विकायची आणि फुलं टेम्पोत टाकायची. बायकोनं भर रस्त्यात गाडी ढकलत यावं हे त्याला बरं दिसत नव्हतं.

गाडी दिली होती धनराजनं. धनराज म्हणजे सिंधुबाईच्या सख्ख्या भावाचा मुलगा. महामार्गाच्या कडेला त्याचं दुकान होतं, आणि मातोरी-मखमलाबाद भागातल्या निम्म्या चार्जिंगच्या गाड्या त्याच्याच. पहिल्यांदा गाडी थांबली तेव्हा तो फोनवर म्हणाला, वहिनी ब्रेकवर बोट ठेवून चालवत असतील. दुसऱ्यांदा म्हणाला, चार्जिंग रात्रभर ठेवत असतील. मग म्हणाला, चार्जिंग अर्धवट काढत असतील. आणि मग हर्षलला वेगळा फोन करून हसत सांगितलं की बायामाणसांच्या हाती गेल्या की गाड्यांचं ॲव्हरेज असंच जातं. हर्षलनं ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं होतं.

त्या दिवशी ढकलत ढकलत उज्वला गाडी घेऊन गेली ती घरी नाही, तर नाक्यावर केरूच्या गॅरेजात. केरू ट्रॅक्टर आणि टेम्पोची वायरिंग करायचा. माणूस प्रामाणिक, पण आळशी. खाटेवरून न उठताच त्यानं निदान केलं. "बॅटरी बसलीय. डबा उघडू द्या, पाच मिनिटात सांगतो."

पण डबा उघडता येणार नव्हता.

त्याचं असं होतं. धनराजच्या दुकानात गाडी घेतली की पूजा व्हायची. हार, नारळ, पेढा हे सगळीकडेच असतं. पण धनराजकडे आणखी एक पद्धत होती. गाडीचा प्राण बॅटरीत, म्हणून पूजाही बॅटरीची, असं तो म्हणायचा. घरातल्या थोरल्या बाईच्या हातात तो कुंकवाची वाटी द्यायचा आणि बॅटरीच्या डब्यावर, झाकण आणि डबा जिथं मिळतात बरोबर तिथं, स्वस्तिक काढायला लावायचा. त्यावर स्वतः पारदर्शक रंगाचा फवारा मारायचा, म्हणजे पावसानं पुसलं जाऊ नये. आणि मग हात जोडून सांगायचा, "आत्या, हे मोडलं तर गॅरंटी मोडली, बरं का. देवाची पण आणि माझी पण." सगळे हसायचे. सिंधुबाईही हसली होती. तिनं काढलेलं स्वस्तिक इतकं रेखीव होतं की धनराजनं त्याचा फोटो काढला होता.

तेव्हापासून ती रोज सकाळी गाडी निघायच्या आधी डब्याला हात लावून तो कपाळाला लावायची. उज्वलानं संध्याकाळी नुसता विषय काढला, तर सिंधुबाई म्हणाली, "माझ्या हातचं स्वस्तिक हाय ते. त्याच्यावर पेचकस चालवायचा? आन् धना काय परका हाय?"

उज्वलाला वाट सुचली ती रात्रीचा स्वयंपाक करताना. गॅसची शेगडी फडफडली, सिलिंडर संपत आला होता, आणि तिच्या मनात आलं की सिलिंडर कोणी उघडून बघतं का? तरी प्रत्येक बाईला माहीत असतं की या वेळी भरलेला आला की कमी आला. कारण रोजचा स्वयंपाक तेवढाच असतो. स्वयंपाक तोच आणि सिलिंडर आठ दिवस आधी संपला, म्हणजे गॅस कमी होता. डब्याचंही तसंच करता येईल. त्याला एक ठरलेलं काम द्यायचं, कमी नाही, जास्त नाही, आणि किती वेळ करतो ते बघायचं.

दुसऱ्या दिवशी तिनं हे केरूला सांगितलं. तो पहिल्यांदाच खाटेवर उठून बसला. म्हणाला, हे तर सोपं आहे, बल्ब जाळा. त्यानं भंगारातून टेम्पोच्या हेडलाइटचे चार सारखे बल्ब शोधले आणि ते एकाच तारेत एकामागून एक जोडून दिले. एकटा बल्ब बारा व्होल्टचा, डबा त्याच्या चौपट; एकटाच लावला तर तत्क्षणी जळून जाईल. चार मिळून ओझं वाटून घेतात. मग त्यानं तारेला चिमट्यासारखं एक मीटर लावून दाखवलं: या चार दिव्यांतून जवळपास पाच अँपिअर करंट वाहतो. डब्यावर छापलं होतं पंचवीस अँपिअर-तास. म्हणजे पाच तास. एका हौदात पंचवीस बादल्या पाणी आहे आणि नळातून तासाला पाच बादल्या जातात, तर हौद केव्हा रिकामा होईल, हे चौथीच्या पोरालाही तोंडी सांगता येतं.

"साडेचार तास जळले तरी मी धनराजला बरा म्हणेन," केरू म्हणाला. "थोडंफार इकडंतिकडं चालतं. पण त्याच्या खाली आले, तर वहिनी, तुमच्या ब्रेकवरच्या बोटाचा काय दोष नाय."

डबा रात्रभर चार्ज झाला. जेवणं झाल्यावर, दुपारी, उज्वलानं तो ओट्यावर ठेवला, दिव्यांची तार जोडली आणि भिंतीवरचं घड्याळ काढून शेजारी टेकवलं. चार दिवे भर उन्हातही डोळ्यांत खुपतील इतके पेटले. सिंधुबाई समोर बसून शेवंती निवडत होती. तिला हा सगळा पोरखेळ वाटत होता आणि तो बंद पाडायचा नव्हता, कारण त्यातून धनाचं नाव स्वच्छ होऊन निघेल याची तिला खात्री होती. शेजारची मनीषा दिवे बघून कुंपणावरून आली आणि तीही बसली. तिच्याकडेही धनराजचीच गाडी, त्याच दसऱ्याची. कोणाचं लग्न आहे का, असं तिनं विचारलं. उज्वलानं तिला काय चाललंय ते समजावून सांगितलं.

पहिला तास गप्पांत गेला. दुसऱ्या तासात मनीषानं चहा करून आणला. दुसरा संपून गेला तरी दिवे तसेच लख्ख होते, आणि सिंधुबाईनं सुनेकडे एकदा बघून घेतलं. उज्वलाला क्षणभर वाटलं की खरंच आपणच चुकत असू. तेवढ्यात दिवे गेले. मंद झाले नाहीत, लुकलुकले नाहीत. कोणीतरी बटण दाबावं तसे चारही एकदम गेले.

घड्याळात सव्वादोन तास झाले होते. पंचवीसच्या जागी अकरा.

सिंधुबाईनं ते मानलं नाही. म्हणाली, चार्जिंग पुरतं झालं नसेल. उज्वलानं वाद घातला नाही. तिनं चार्जर सासूच्याच हातात दिला. त्या रात्री सिंधुबाईनं स्वतः पिन लावली, चार्जरवरचा हिरवा दिवा लागेपर्यंत मधूनमधून उठून बघितलं, आणि सकाळी स्वतः काढली. फुलं त्याही दिवशी टेम्पोतच गेली, कारण हे निस्तरल्याशिवाय दोघींनाही चैन नव्हती. दुपारी पुन्हा दिवे लागले. पुन्हा सव्वादोन तासांनी गेले, फार तर दोन मिनिटं इकडे किंवा तिकडे.

सिंधुबाईनं दिव्यांची तार स्वतःच्या हातानं सोडवली. मग म्हणाली, "धनाला कोणीतरी फसवलं असंल. त्याला सांगाया पायजे." मनीषा उठली आणि घरी गेली. आपला डबा मोजून बघू या, असं ती म्हणाली नाही. उज्वलाला तेव्हा त्याचं नवल वाटलं.

पुन्हा चार्ज करून दोघी गाडीवर बसून धनराजच्या दुकानात गेल्या. सिंधुबाई मागे, मांडीवर पिशवी, पिशवीत चार दिवे आणि तार. दुकानात त्या वेळी दुसरं एक गिऱ्हाईक होतं. चांदवडकडची एक म्हातारी, सुरकुतलेल्या हातांची, डोक्यावर पदर, आणि बरोबर तिचा तरुण मुलगा. त्यांची पूजा चालू होती. म्हातारी वाटीत बोट बुडवून डब्यावर स्वस्तिक काढत होती आणि धनराज वाकून डबा धरून उभा होता, एखाद्या भटजीनं धरावा तसा. सिंधुबाईचा चेहरा ते बघून फुलला.

धनराजनं तिच्या पाया पडून चहा मागवला. गोष्ट ऐकून तो हसला, आणि चटकन मीटर आणून उज्वलाच्या डब्याला लावलं. आकडा आला चोपन्न व्होल्ट. "बघा आत्या. फुल. नवा डबा पण एवढाच दाखवतो." त्यानं म्हातारीच्या नव्या डब्यालाही मीटर लावून दाखवलं. तिथंही चोपन्न. सिंधुबाईनं मान डोलावली.

अडाणी माणूस फसतो तो इथंच, आणि शिकलेलाही फसतो. दोन शेततळी घ्या. एक एकरभर पसरलेलं आणि दुसरं खाटेएवढं. दोन्हींत पाणी पुरुषभर खोल. तुम्ही काठावर उभं राहून काठी बुडवली तर काठी दोन्हीकडे सारखीच भिजणार. पण एकाच्या जिवावर द्राक्षबाग उभी राहील आणि दुसऱ्यात म्हैससुद्धा धड बसणार नाही. धनराज काठी बुडवून दाखवत होता. व्होल्ट म्हणजे ती खोली. पाणी किती, हे ती सांगत नाही. ते उपसूनच कळतं.

उज्वलानं एवढंच म्हटलं, "भाऊजी, ही खोली झाली. आम्ही उपसा करून बघितलाय. दोनदा." आणि पिशवीतून दिवे काढून काउंटरवर ठेवले.

धनराजनं दिव्यांकडे बघितलं, मग चांदवडच्या म्हातारीकडे, आणि उज्वलाला आत यायला खुणावलं. दुकानाच्या मागच्या खोलीत फळीवर ओळीनं डबे मांडलेले होते. तिथं तो एकदम घरच्यासारखा बोलू लागला. म्हणाला, धंदा आहे, वरून जसा माल येतो तसा पुढं जातो, सगळेच करतात. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही घरातल्या, वहिनी. तुम्हाला ओरिजनल देतो. आत्ता. मोजून घ्या पाहिजे तर. फक्त गावात बोभाटा नको."

त्यानं कोपऱ्यातून एक डबा ओढून तिच्या पुढ्यात ठेवला. उज्वलानं त्यावर हात ठेवला. खोटं कशाला बोला, त्या क्षणी तिला फार बरं वाटलं. पहाटेचा बाजार तिच्या डोळ्यांपुढे आला, हारवाल्या बायका, आणि परतीचा तो चढ, न थांबता चढलेला. हर्षलला काही सांगायचीही गरज नव्हती.

"आणि आमचा हा?" तिनं सहज विचारलं.

"हा फिरतो," धनराज म्हणाला. त्यानं कामावरच्या माणसाला हाक मारली. त्या माणसानं उज्वलाचा डबा गाडीतून काढून आत आणला, खिळ्यावरचं फडकं घेतलं, त्यावर थिनर ओतलं आणि सिंधुबाईच्या स्वस्तिकावर घासायला सुरुवात केली.

ते फडकं लाल होतं. लाल म्हणजे डाग पडलेलं नव्हे. सगळं, काठापासून काठापर्यंत, कुंकवानं भिजून वाळून पुन्हा भिजून कडक झालेलं. उज्वलानं फळीवरच्या डब्यांकडे पुन्हा पाहिलं. आता तिला दिसलं की प्रत्येकाच्या सांध्यावर फिकट गुलाबी ओघळ होते. कोणाच्या तरी आईनं, कोणाच्या तरी सासूनं काढलेलं, पुसून टाकलेलं, आणि पुढच्या बाईच्या बोटासाठी मोकळं करून ठेवलेलं. तिनं नव्या डब्यावरचा हात काढून घेतला आणि तो नकळत साडीला पुसला.

दारात सिंधुबाई उभी होती. चहाचा अर्धा उरलेला पेला हातात. ती केव्हा आली होती कोण जाणे.

"किती जणींचं पुसलं रं, धना?"

धनराज दचकला, पण लाजला नाही. तेच उज्वलाला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "आत्या, डब्याला लागलेलं कुंकू हे. देव थोडाच पुसतोय कोणी. कंपनीचं सील लावलं तर लोक फोडतात, वर भांडायला येतात. हे कोणी फोडत नाही."

बाहेरून चांदवडच्या म्हातारीचा आवाज येत होता. ती मुलाला सांगत होती की घरी गेल्यावर आधी गाडीवरून तुकडा ओवाळायचा, मग आत घ्यायची. तिच्या गाडीतला डबा कुठून फिरत आला होता, आणि सिंधुबाईचा डबा आता फिरून कोणाकडे जाणार होता, हे उज्वलाला कोणी सांगायची गरज उरली नव्हती.

तिनं तो अर्धवट पुसलेला डबा उचलला. जड होता, वीसेक किलोचा, पण तिला क्रेट उचलायची सवय होती. बाहेर आणून तिनं तो काउंटरवर ठेवला, पेचकस उचलला आणि सासूकडे बघितलं. सिंधुबाईनं पेला खाली ठेवला.

"उघड," ती म्हणाली.

गॅरंटी जाईल, धनराज म्हणाला. नात्याचा विचार करा, असंही म्हणाला. उज्वलाचे हात चालू होते. झाकण उचकटलं तसा आधी वास आला, नेलपॉलिशसारखा गोडसर आणि खाली कुजकट. अर्ध्या डब्यात निळ्या वेष्टनातल्या नळ्या, म्हणजे बॅटरीचे सेल, एकमेकींना चिकटवलेल्या होत्या. उज्वलानं एका नळीचं वेष्टन नखानं ओढलं. नवंकोरं निळं साल सुटलं आणि आत दुसरं जुनं, विटकं, ठिकठिकाणी काहीतरी पाझरून वाळलेलं साल दिसलं. टोकाला गंज चढला होता. उरलेल्या अर्ध्या डब्यात स्पंजमध्ये गुंडाळून, टेप मारून, फुटपाथच्या सिमेंटच्या फरशीचे तुकडे भरले होते. वजन भरायला.

पाणी मारलेली फुलं निदान फुलं तरी असतात.

चांदवडची म्हातारी पुढे होऊन वाकून बघत होती. तिचं बोट अजून लाल होतं. "माझ्यात बी आसंच हाय का?" तिनं कोणाकडेच न बघता विचारलं. धनराज म्हणाला, मावशी तुमचा फ्रेश आहे, आत्ता तर तुमच्यासमोर मोजला, चोपन्न. म्हातारी मुलाकडे वळली. मुलगा अवघडला होता. पैसे भरून झाले होते, पेढे वाटून झाले होते, गावाकडे फोटो गेले होते. "त्यांचा खराब निघाला म्हणून आपला निघंल काय?" तो म्हणाला. "चल, आई. उशीर होतोय."

उज्वलानं दिव्यांची तार गुंडाळली आणि म्हातारीच्या पिशवीत घातली. हळूच सांगितलं की रात्रभर चार्ज करा, हे चार दिवे जोडा आणि घड्याळ बघा, पाच तास जळले पाहिजेत. म्हातारीनं पिशवीचं तोंड घट्ट धरलं. मुलानं गाडी सुरू केली आणि दोघं हार लावलेल्या गाडीवरून महामार्गाला लागली.

सिमेंटचे तुकडे उज्वलानं एकेक करून धनराजच्या काउंटरवर मांडले. बाकीचा डबा टेपनं बंद करून गाडीत बसवला. धनराज आता नात्याचं बोलत नव्हता. उघडलेल्या डब्याला दुकान जबाबदार नाही, एवढंच म्हणाला, आणि तेही त्यांच्याकडे न बघता. सिंधुबाई बाहेर येऊन गटाराच्या कडेला बसली. तिनं बाटलीतलं पाणी तोंडात घेऊन चूळ भरली. मग दुसरी. मग तिसरी. धनाच्या हातचा चहा ती तोंडातून काढत होती. उज्वला तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

रात्री हर्षलचा फोन आला. सगळं ऐकून त्यानं पहिला प्रश्न विचारला तो असा: बदलून देत होता ना, मग उघडला कशाला? तो प्रश्न आपल्या माणसाच्या तोंडून आला, तेच उज्वलाला अधिक लागलं. तिनं फक्त हिशेब सांगितला. डब्यात पंचवीस नाहीत, अकरा आहेत. अकरामध्ये बाजारापर्यंत जाऊन थोडं उरतं, परत येणं होईलच असं नाही. म्हणजे परतीचं तिथंच भरून घ्यायचं. फुलबाजाराशेजारच्या चहावाल्याकडे पिन लावायला जागा आहे, त्याच्या देव्हाऱ्याला रोज ताजी फुलं दिली तर तो नाही म्हणणार नाही. फुलं विकून होईपर्यंत तीन-चार तास जातातच. पंचवीस आहेत असं धरून चालत होते म्हणून चढावर मरत होते. अकराच आहेत हे माहीत झाल्यावर मरायचं कारण नाही.

मग हर्षल म्हणाला, "बघ तुझं तू." त्याच्या तोंडून होकार इतकाच निघतो, हे तिला माहीत होतं.

चहावाल्यानं पिन लावू दिली. परतीला गाडी चढ चढून गेली, थोडी कण्हत, पण गेली. हा पहिला दिवस होता. त्यानंतर उज्वला आठवडाभर वस्तीवर सगळ्यांना सांगत होती: केरूकडून आणखी बल्ब आणलेत, ओट्यावर या, डबे मोजून देते, उघडायची गरज नाही, स्वस्तिकाला धक्का लागणार नाही. लोक हो म्हणायचे. आले कोणीच नाही. कोणी म्हणालं, आमची चालते. कोणी म्हणालं, कशाला उगीच. एकानं तर तोंडावर सांगितलं की तुमच्यामुळे आमच्या गाड्यांना आता गिऱ्हाईक मिळायचं नाही. फसवणाऱ्यावर चिडावं तसे ते मोजणारीवर चिडले होते. सिंधुबाई म्हणाली, गप बस आता. उज्वला गप्प बसली, पण बल्ब तिनं परत केले नाहीत.

मग एके पहाटे ती बाजाराला निघाली. अंधार विरळ होत होता. मागे झेंडूचे भरलेले क्रेट रचलेले, वर ओलं गोणपाट. मनीषाच्या अंगणात दिवा होता. तिची गाडी धुऊनपुसून उभी केलेली, टायरना काळं पॉलिश मारलेलं, आणि बॅटरीच्या डब्यावर स्वस्तिक नव्या कुंकवानं पुन्हा गिरवून ठळक केलेलं. मनीषा हात करत फाटकापाशी आली. आवाज गोड होता.

"उज्वला, दे गं पाव किलो झेंडू. हार करते. निफाडकडचे लोक येणारेत गाडी बघायला. नर्स हे पोरगी, ड्युटीला जायला पायजे तिला." आणि मग हसून, मैत्रिणीनं मैत्रिणीला सांगावं तसं, "त्यांच्यापुढं दिव्याबिव्याचं काय काढू नको हां."

उज्वलानं तिच्याकडे बघितलं. मागच्या क्रेटमधून झेंडूचा वास दोघींभोवती दाट पसरला होता.

"फुलं नाहीत," ती म्हणाली, आणि गाडी पुढे काढली. पहिल्या वळणावर तिनं वेग कमी केला. निफाडकडून येणारी एसटी कुठल्या फाट्यावर थांबते आणि किती वाजता येते, ते तिला माहीत होतं. बाजार उरकून ती त्या वेळेपर्यंत तिथं पोहोचू शकत होती. बल्ब घरी होते. तोंड मात्र सोबत होतं.